हे मुंबई केंद्र आहे

आमच्या घरातल्या रेडिओच्या काचेवर गावांची नावं छापलेली होती. मुंबई, दिल्ली, कोलंबो, लंडन. काटा ज्या नावावर न्यावा तिथला आवाज येतो, असं आजोबांनी मला सांगितलं होतं, आणि पुढे कितीतरी दिवस मी त्या काचेवर आमची वसई शोधत होतो. ती तिथे नव्हती. आजोबांचा काटा कायम मुंबईवर असायचा. ‘आपलं केंद्र ते’, एवढंच ते म्हणायचे.

पहाटे सहाला पाच-सात मिनिटं कमी असताना ते बटण फिरवत. व्हॉल्व्हचा रेडिओ लगेच बोलत नसे. आधी काचेमागचा पिवळा दिवा लागायचा, मग आत कुठेतरी गुणगुण सुरू व्हायची आणि अर्ध्या मिनिटाने तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनची ती धून उमटायची. ती आम्हाला सुरुवातीपासून कधीच ऐकू आली नाही. केंद्र ती पुन्हा पुन्हा वाजवत असे आणि आम्ही मध्येच कुठेतरी तिच्यात शिरत असू. मग ‘वंदे मातरम्’, मग निवेदकाचा आवाज: हे आकाशवाणीचं मुंबई केंद्र आहे. त्यामागून मीटर आणि किलोहर्ट्झचे आकडे, आणि मग मंगलध्वनीची सनई. सनई संपायच्या आत वाडीतला पंप सुरू झालेला असे. भाजी आणि फुलं घेऊन दादरला जाणारी माणसं टोपल्या बांधून स्टेशनच्या वाटेला लागलेली असत. घड्याळ सगळ्यांच्या घरी नव्हतं. ती धून मात्र आळीतल्या चार घरांतून एकदम ऐकू येई.

या पुस्तकाचा विषय ती धून, ते वाक्य, आणि पुढे दूरदर्शनच्या पडद्यावर आलेला तो फिरणारा डोळा, हा आहे. प्रसारण केंद्र स्वतःचं नाव ज्या खुणांनी सांगतं त्या खुणांचा हा इतिहास आहे. कार्यक्रमांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. रेडिओवरचं ‘पुन्हा प्रपंच’ आणि त्यातले बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी यांच्याबद्दल लोक आजही भरभरून बोलतात. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती आमची माणसं’ यांची आठवण काढली नाही असा दिवाळी अंकातला दूरदर्शनवरचा लेख सापडणं कठीण. कार्यक्रमांच्या आधीचे आणि मधले काही सेकंद मात्र कुणी लिहून ठेवले नाहीत. ते रोज होते म्हणूनच ते नोंदवण्यासारखे वाटले नाहीत. माझं म्हणणं असं की एखाद्या प्रदेशाने सगळ्यात जास्त वेळा एकत्र ऐकलेलं संगीत आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं मराठी वाक्य याच काही सेकंदांत आहे, आणि म्हणून ते सार्वजनिक ठेव्याइतक्याच काळजीने जपलं पाहिजे.

मुळात केंद्राने आपलं नाव सांगायचं कशासाठी? पुराणातली आकाशवाणी नाव सांगत नाही. कंसाला रथ हाकताना आवाज ऐकू आला, पण तो कुणाचा, कुठून, हे त्याला कळलं नाही, आणि म्हणून तो जास्तच हादरला. विसाव्या शतकात माणसाने खरोखरची आकाशवाणी निर्माण केली तेव्हा हीच अडचण समोर आली. हवेत शेकडो आवाज, आणि कुठला कुणाचा ते कळायला मार्ग नाही. म्हणून देशांनी एकत्र येऊन नियम केले आणि प्रत्येक देशाला ओळखअक्षरं वाटून दिली. भारतातल्या केंद्रांना ‘व्हीयू’ मिळालं, त्यावरून मुंबई केंद्र ‘व्हीयूबी’ झालं. जपानमधल्या प्रसारण केंद्रांची अक्षरं ‘जेओ’ने सुरू होत. टोकियोचं पहिलं केंद्र २२ मार्च १९२५ रोजी ‘जेओएके’ या नावाने बोललं. जपानमध्ये हा नियम पुढे जवळजवळ एक कलाप्रकार झाला. दिवसाचं प्रक्षेपण सुरू होताना आणि संपताना तिथली प्रादेशिक टीव्ही केंद्रं आपली ओळखअक्षरं सांगत, आपल्या भागातले डोंगर आणि किनारे दाखवत, आपल्या सहक्षेपण मनोऱ्यांची यादी देत. १९५३ साली सुरू झालेल्या निप्पॉन टेलिव्हिजनने त्यासाठी कबुतराचं चलच्चित्र केलं. तिथल्या हौशी मंडळींनी घरगुती टेपांवरून असे तुकडे शोधून, साल लावून जपले आहेत. लंडनमध्ये बीबीसीने १९२३ च्या शेवटच्या रात्री बिग बेनचे टोले हवेवर सोडले आणि तेव्हापासून ते टोले त्या केंद्राच्या ओळखीचा भाग झाले.

आवाजाने गाव ओळखणं वसईला मात्र नवं नाही. इथे शतकानुशतकं चर्चच्या घंटांनी दिवसाचे भाग पाडले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, त्यानंतर इथल्या पोर्तुगीज घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. नाशिकला गोदेकाठच्या नारोशंकर मंदिरात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला त्या आजही टांगलेल्या दिसतात. मी नाशिकला ती घंटा पाहिली तेव्हा पहिला विचार आला तो असा: हिचा टोल एके काळी आमच्या गावचा पत्ता सांगत होता, आज तो दुसऱ्या गावचा पत्ता सांगतो. धातू तोच आहे, नादही तोच असेल, पण ऐकणारा त्यातून ‘वसई’ असं ऐकत नाही. ओळखीचा आवाज ऐकणाऱ्यांच्या सवयीत राहतो, आणि ती सवय तुटली की पुढच्या पिढीला तो नुसता आवाज उरतो. या पुस्तकाची निकड मला त्या घंटेखाली उभं असताना कळली.

मुंबईच्या रेडिओचा जन्म २३ जुलै १९२७ चा. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. प्रक्षेपक दीड किलोवॅटचा, आवाज धड ऐकू येण्याचं अंतर साधारण ४८ किलोमीटर. चर्चगेट ते वसई रोड रुळांवरून ५२ किलोमीटर, पक्ष्याच्या वाटेने त्याहून कमी. म्हणजे वसई त्या वर्तुळाच्या अगदी काठावर होती. कंपनी तीन वर्षांत बुडाली. १ एप्रिल १९३० पासून सरकारने प्रसारण हाती घेतलं आणि ८ जून १९३६ रोजी प्रसारणप्रमुख लायोनेल फील्डन यांच्या काळात त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. ‘आकाशवाणी’ हा शब्द मात्र म्हैसूरचा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये तिथे आपलं छोटं केंद्र सुरू केलं आणि त्याला हे नाव दिलं. १९५० च्या दशकात ते साऱ्या देशाच्या रेडिओचं झालं. मे २०२३ मध्ये प्रसार भारतीने इंग्रजी नाव उद्घोषणांतून बाजूला ठेवून फक्त ‘आकाशवाणी’ म्हणायचं ठरवलं. मराठी श्रोत्याला त्यात बदल जाणवला नाही, कारण त्याच्यासाठी ती आधीपासूनच आकाशवाणी होती.

आता ती धून. तिच्या रचनेचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. १९०७ साली बोहेमियातल्या कार्ल्सबाडला जन्मलेले, बर्लिन आणि प्रागमध्ये शिकलेले हे ज्यू संगीतकार. युरोपात नाझींची सावली पडू लागली आणि १९३४ मध्ये ते मुंबईत उतरले. आपलं भारतीय संगीत त्यांना सुरुवातीला मुळीच समजलं नाही. पण ते इथे राहिले, ऐकत राहिले, शिकत राहिले. मेहली मेहतांसारख्या व्हायोलिनवादकांना घेऊन त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली आणि १९३७ ते १९४६ या काळात मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. पुढे ते इंग्लंड, कॅनडा करत अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात स्थिरावले आणि तिथे त्यांनी उत्तर आणि दक्षिण भारतातल्या रागांवर मोठे ग्रंथ लिहिले. १९८४ साली त्यांचं निधन झालं.

धून ऐकताना हा सगळा प्रवास कानाशी येतो. खाली तंबोरा षड्ज धरून बसलेला. वर व्हायोलिन, आणि सूर शिवरंजनीचे: षड्ज, ऋषभ, कोमल गंधार, पंचम, धैवत. पाचच सूर. व्हायोलिनचा गज मात्र युरोपच्या वळणाने फिरतो, मींड घेत नाही, सूर वेगवेगळे ठेवतो. कोमल गंधाराने जी हुरहूर यायची ती येते, पण ती रेंगाळत नाही. घर सोडून आलेल्या एका माणसाने परक्या मुलखाच्या पाच सुरांत ही धून बांधली आणि त्या मुलखातल्या कोट्यवधी माणसांना ती आपल्याच घराची वाटली. आमच्या ओटीवर ती ऐकताना आजोबांना हे काहीच ठाऊक नव्हतं. मला कळलं तेव्हा ते नव्हते. त्यांना सांगायचं राहून गेलं, ही खंत या पुस्तकामागे आहे.

धुनीनंतरचं वाक्यही तितकंच जवळून पाहण्यासारखं आहे. मुंबईची मराठी वाहिनी, पुढे जी ‘अस्मिता’ म्हणून ओळखली गेली, ती ५५८ किलोहर्ट्झवर. म्हणजे तिची एक लहर सुमारे ५३७ मीटर लांब. बारा डब्यांच्या दोन लोकल एकापुढे एक उभ्या केल्या तर जवळपास तेवढी लांबी भरेल. अशा लांब लहरी जमिनीला धरून जातात, आणि ओली, खारट जमीन त्यांना फार मानवते. मालाडच्या मालवणीतल्या मनोऱ्यांपासून आमच्यापर्यंत काय आहे? खाड्या, खाजण, मिठागरं. वसईच्या खाडीने आम्हाला मुंबईपासून तोडलं असं लोक म्हणत, कारण पूल ओलांडल्याशिवाय गाठ नाही. रेडिओच्या बाबतीत त्याच खाऱ्या पाण्याने आम्हाला मुंबईशी जोडलं. केंद्र आपला मीटर आणि किलोहर्ट्झचा आकडा सांगायचं तेव्हा ते खरं म्हणजे या वाटेचा पत्ता देत होतं.

त्या वाक्याने आणखी एक काम केलं. वसई-विरार पट्ट्यात मराठी एकच नाही. सामवेदी आणि कुपारी घरांतली कादोडी वेगळी, वाडवळांची बोली वेगळी, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली वेगळी. प्रमाण मराठी शाळेत भेटायची, आणि शाळेआधी रेडिओवर. निवेदक ‘केंद्र’ हा शब्द किती स्वच्छ म्हणतो, ‘आहे’वर आवाज कसा अलगद टेकवतो, हे आम्ही पाठ केलं. घरात बोली आणि कानात प्रमाण, दोन्ही एकाच छपराखाली नांदले. बोलीची लाज वाटावी असं त्या आवाजात काही नव्हतं. तो आवाज आदराने बोलायचा आणि ऐकणाऱ्याला ‘आपण’ म्हणायचा.

केंद्राच्या मोठ्या ओळखीच्या पोटात लहान ओळखी होत्या. ‘कामगार सभा’, ‘वनिता मंडळ’, ‘गंमत जंमत’ यांच्या शीर्षकधुनी लागल्या की घरातलं कोण रेडिओजवळ येणार ते ठरलेलं असे. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या लागत. सुधा नरवणे यांनी आपलं नाव सांगितलं की शाळेला निघायची वेळ झाली हे आम्हाला कळे. वृत्तनिवेदकाने स्वतःचं नाव सांगणं हीदेखील ओळखखूणच आहे. हे मी सांगतो आहे, माझं नाव अमुक, अशी ती जबाबदारी घेतलेली असते. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आमच्या शेजारच्या सोपाऱ्यात सापडला तो १८८२ च्या सुमारास. त्या राजाच्या आज्ञांमध्ये त्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं. सांगणारा कोण, हे आधी सांगावं आणि मग सांगावं, ही रीत आमच्या मातीत दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईला टेलिव्हिजन आला. वरळीच्या केंद्रातून होणारं हे प्रक्षेपण पहिली साडेतीन वर्षं आकाशवाणीच्याच छत्राखाली होतं. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन वेगळं झालं आणि त्याच वेळी तो डोळा आला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी केलेल्या आराखड्यांतून देबाशीष भट्टाचार्य या विद्यार्थ्याचं चित्र निवडलं गेलं. मधोमध एक गोल आणि त्याला दोन बाजूंनी कवेत घेणारे दोन वक्र आकार. संस्थेतल्याच आर. एल. मिस्त्री यांनी त्याला गती दिली. संगणक नव्हता. चित्राच्या प्रती कॅमेऱ्याखाली ठेवून, फिरवत फिरवत एकेक चित्र टिपलं गेलं. धून बांधली पंडित रविशंकर यांनी, शहनाईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्या साथीने. रविशंकर यांनी १९४९ पासून काही वर्षं दिल्ली आकाशवाणीत वाद्यवृंदाचं काम केलं होतं. म्हणजे रेडिओची धून आणि टेलिव्हिजनची धून, दोन्ही प्रसारणाच्या आत काम केलेल्या माणसांनी दिल्या. श्रोता पहाटे कुठल्या मनःस्थितीत असतो आणि संध्याकाळी कुठल्या, हे त्यांना ठाऊक होतं.

आमच्या आळीत पहिला टीव्ही आला तेव्हा तो डोळा आमच्यासाठी मोजमापाचं साधन होता. दादा कौलांवर चढून अँटेना वरळीच्या दिशेने फिरवायचा आणि वरून ओरडायचा, ‘आलं का?’ खाली आम्ही दहा-बारा जण पडद्याला डोळे लावून. मुंग्या, मग पट्टे, मग दोन सावल्या गरगरत जवळ येताना दिसायच्या. एक डोळा नीट दिसला, त्याला जुळी सावली नसली, की सगळे मिळून उत्तर देत, ‘आलं!’ कार्यक्रम अजून सुरू व्हायचा असे. तरी त्या क्षणी घरात जी शांतता पसरायची ती मला पुढे कुठल्याच मालिकेने दिली नाही. मग काळ्या-पांढऱ्यात ‘बातम्या’ हा शब्द आणि प्रदीप भिडे यांचा ‘नमस्कार’. ते १९७४ पासून तिथे होते आणि जून २०२२ मध्ये गेले. त्या बातमीनंतर वसईतल्या कितीतरी घरांत लोकांनी तो नमस्कार त्यांच्याच ढंगात म्हणून दाखवला असेल. प्रक्षेपण तुटलं की ‘व्यत्यय’ अशी पाटी यायची, आणि तीही ओळखच होती. केंद्र बंद पडलं तरी ते आपलंच केंद्र आहे हे ती पाटी सांगायची.

१९८२ मध्ये रंग आले. १९९४ मध्ये मराठीची स्वतंत्र उपग्रह वाहिनी सुरू झाली आणि पुढे तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळालं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. तोवर ओळख केंद्राच्या शहराची होती. आता ती एका डोंगररांगेची झाली, आणि ती डोंगररांग वसईच्या तुंगारेश्वराइतकीच चंद्रपूरच्या माणसाच्या मनातही उभी आहे. त्यानंतर १९९९ पासून खासगी मराठी वाहिन्या आल्या, २००२ पासून मुंबईत खासगी एफएम आलं. आता वाहिनीचं बोधचिन्ह पडद्याच्या कोपऱ्यात दिवसभर चिकटलेलं असतं आणि एफएम केंद्र दर काही मिनिटांनी आपलं नाव गाऊन सांगतं. नाव सांगण्याचं प्रमाण शेकडो पटींनी वाढलं, पण ऐकणारा एकत्र येण्याचा क्षण उरला नाही. दिवसाला उघडण्याची आणि मिटण्याची वेळ होती तेव्हा त्या धुनीला अर्थ होता. चोवीस तास चालणाऱ्या वाहिनीला पहाट नसते.

दरम्यान वसईही बदलली. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. काचेवर नसलेलं आमचं गाव आता लाखोंचं शहर आहे. तरी इथल्या मोठ्या पिढीला विचारा, तुमचं केंद्र कुठलं, तर उत्तर मुंबईच येईल. पत्ता बदलला, जिल्हा बदलला, ऐकण्याचा पत्ता बदलला नाही.

पुढच्या पानांत हा इतिहास काळाच्या क्रमाने मांडला आहे: आधी रेडिओची धून आणि उद्घोषणा, मग कार्यक्रमांच्या शीर्षकधुनी, मग दूरदर्शनचा डोळा आणि शेवटी आजच्या वाहिन्या. मराठीत या विषयाची भाषा आपल्याला तयार करावी लागली नाही. संकेतधून, उद्घोषणा, सहक्षेपण, बोधचिन्ह हे शब्द केंद्रांत काम करणाऱ्यांनी केव्हाच घडवले आणि वापरून गुळगुळीत केले. ते शब्दही या ठेव्यात धरावेत.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. तुमच्या घरी माळ्यावर जुन्या कॅसेट असतील. नाट्यसंगीत, भावगीतं, कीर्तन रेडिओवरून टेप केलेलं असेल. त्यांच्या सुरुवातीला किंवा शेवटी, टेप जरा आधी सुरू झाली किंवा उशिरा थांबली म्हणून, केंद्राची धून किंवा निवेदकाचं एखादं वाक्य सापडण्याची फार शक्यता आहे. गाणी पुन्हा मिळतील, ती वाक्यं मिळणार नाहीत. कॅसेट टाकून देण्याआधी एकदा ऐका. दमट हवेत टेपेला बुरशी लागते, तेव्हा पावसाळ्याची वाट पाहू नका. जे सापडेल त्याची नक्कल करून घ्या, कुणी टेप केलं आणि साधारण केव्हा ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि कॅसेटच्या पाठीवर पेनाने तारीख लिहा.